ब्रेक्झिट: बाहेर पडायचं ठरलं, कुठे जायचं ते राहूनच गेलं

लंडनहून पश्चिमेला ट्रेनने तासाभरावर स्विंडन नावाचं शहर आहे आणि तिथे हजारो गोंयकार राहतात. घरात कोंकणी, रविवारी चर्च, नोकरी बऱ्याच जणांची वेअरहाऊसमध्ये नाहीतर फॅक्टरीत, आणि पासपोर्ट पोर्तुगालचा. तो कसा काय, तर १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो, लिस्बनला जन्माची नोंद करून घेतली की झालं, आणि मग त्याच्या मुलानातवंडांनाही तो रस्ता मोकळा होतो. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे ईयूत. ईयूच्या एका देशाचा पासपोर्ट असला की बाकी सगळ्या देशांत जाऊन राहायची, नोकरी करायची मुभा. मग इंग्रजी येणारा माणूस लिस्बनला कशाला थांबेल, तो सरळ इंग्लंड गाठायचा.

आता खरी गंमत. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये मतदान झालं, ईयूत राहायचं की बाहेर पडायचं. स्विंडनमध्ये दहा वर्षं टॅक्स भरणाऱ्या या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकाराला त्यात मत नव्हतं. पण त्याच गल्लीत सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला आयटीवाला, भारताचा पासपोर्ट, तो मत देऊ शकत होता! कारण यादी लोकसभेसारख्या त्यांच्या नेहमीच्या निवडणुकीची वापरली, आणि त्या यादीत कॉमनवेल्थ देशांचे तिथे राहणारे नागरिक चालतात, ईयूचे (आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडले तर) चालत नाहीत. स्विंडनने जवळपास ५५ टक्के मतं बाहेर पडायच्या बाजूने दिली.

ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनने ईयू सोडलं, एवढं सगळ्यांना माहितीये. पण सोडलं म्हणजे नक्की काय सोडलं असं विचारलं की भलेभले अडखळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण ते मतपत्रिकेवर पण लिहिलेलं नव्हतं. तिथे दोनच चौकोन होते, राहा किंवा निघा. निघून कुठे जायचं हा तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही, आणि पुढची सगळी रामकहाणी त्या तिसऱ्या प्रश्नाची आहे.

आधी ईयू नावाचं प्रकरण समजून घेऊ, बाजाराच्या अंगाने तरी. मुंबईच्या वेशीवर मुलुंडला, दहिसरला जकात नाक्यावर ट्रकची लाईन ज्यांनी बघितली आहे त्यांना हे पटकन कळेल. पहिली पायरी म्हणजे व्यापार करार: दोन देश म्हणतात की एकमेकांच्या मालावर ड्युटी लावायची नाही किंवा कमी लावायची. पण नाका तसाच राहतो हां, ट्रक थांबतो, कागद दाखवावे लागतात, हा माल खरंच तुमच्याकडे बनला की चीनहून आणून फक्त डबा बदललाय हे सिद्ध करावं लागतं. दुसरी पायरी कस्टम्स युनियन, यात आतल्या आत ड्युटी नाहीच आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची ड्युटी एकच, त्यामुळे माल कुठून आला हे आत परत विचारायची गरज पडत नाही. पण याची किंमत अशी की मग तुम्हाला भारताशी किंवा अमेरिकेशी वेगळा स्वतःचा करार करता येत नाही, करायचा तर सगळ्यांनी मिळून.

आणि तिसरी पायरी सिंगल मार्केट, जी खरी महत्त्वाची आहे आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. कारण आजच्या जगात माल अडतो तो ड्युटीपेक्षा नियमांवर जास्त अडतो. औषधाची टेस्ट कुठल्या पद्धतीने केली, खेळण्याच्या रंगात काय आहे, फळावर कुठलं औषध किती मारलं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असेल तर ड्युटी शून्य असूनही माल बॉर्डरवर सडतो. म्हणून सगळ्यांनी नियमच एक करून टाकले. पण त्याबरोबर चार गोष्टी एकत्र बांधलेल्या आल्या: माल मोकळा फिरणार, सेवा फिरणार, भांडवल फिरणार आणि माणसं पण फिरणार. यातलं शेवटचं नको, बाकी तीन द्या, असं चालत नाही. नॉर्वे ईयूत नाही तरी या सिंगल मार्केटमध्ये आहे, तुर्कस्तान कारखान्यातल्या मालापुरतं कस्टम्स युनियनमध्ये आहे, स्वित्झर्लंडचे सुटे सुटे शंभरेक करार आहेत. म्हणजे 'बाहेर' या एका शब्दाची किती वेगवेगळी घरं आहेत बघा.

नियम म्हणजे काय चीज असते हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला कोणी शिकवायला नको. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाच्या रसायनाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ईयूचा कारभार जिथून चालतो त्या ब्रुसेल्सला निफाडच्या शेतकऱ्याने पत्र लिहून काही उपयोग होता का? नव्हता. ज्याला त्या बाजारात विकायचंय त्याने त्या बाजाराचे नियम पाळायचे, मग तो नियम करताना तुमचं मत असो की नसो. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आता थोडा इतिहास, भराभर सांगतो. १९५७ मध्ये रोमला फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सामाईक बाजाराचा करार केला, त्याचीच पुढे ईयू झाली. ब्रिटन तेव्हा नाक वर करून बाहेर राहिलं, मग १९६१ मध्ये स्वतःच अर्ज केला, तर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी १९६३ ला नाही म्हटलं आणि १९६७ ला परत नाही म्हटलं. शेवटी १ जानेवारी १९७३ ला प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत, १९७५ ला, राहायचं की नाही यावर पहिलं जनमत झालं, त्यात ६७ टक्के लोक राहा म्हणाले. मजा म्हणजे तेव्हा पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर 'राहा'चा प्रचार करत होत्या, युरोपच्या देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून, आणि विरोध मजूर पक्षाच्या डाव्या लोकांचा होता. चाळीस वर्षांत पारडं पूर्ण उलटं झालं. आणि ते सिंगल मार्केट, ते तर थॅचरबाईंनीच जोर लावून पुढे रेटलेलं, त्याचा आराखडा ब्रुसेल्समध्ये बसून लॉर्ड कॉकफील्ड या ब्रिटिश माणसाने केला.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा पैशाचा नव्हताच, तो होता आपले कायदे कोण करतं याचा. ईयूच्या संसदेत ७५१ पैकी ७३ खासदार ब्रिटनचे, कायद्याचा प्रस्ताव मांडणार युरोपियन कमिशन जे थेट निवडून येत नाही, आणि शेवटचा शब्द लक्झेंबर्गच्या कोर्टाचा. डावे नेते टोनी बेन नेहमी विचारायचे की ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आम्ही काढणार कसं. हा प्रश्न फालतू नाही. ब्रेक्झिटवाल्यांना सगळ्यांना अडाणी, वंशवादी म्हणून निकालात काढणारे लेख मी बरेच वाचलेत आणि मला ते पटत नाहीत. देशाचा कायदा देशातच बनावा असं वाटणं ही अगदी साधी इच्छा आहे. खोटेपणा कुठे होता, तर 'ताबा परत घेऊया' म्हणताना त्याच्या बदल्यात काय द्यावं लागेल हे कोणीच सांगितलं नाही. उलट म्हणाले काहीच द्यावं लागणार नाही, बाजारही आपला आणि नियमही आपले.

पैशाचं काय, तर ती प्रसिद्ध लाल बस. तिच्यावर लिहिलं होतं की आपण ईयूला दर आठवड्याला ३५ कोटी पाऊंड पाठवतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला देऊ. आता थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून जी सूट मिळवली होती ती आधीच कापली जायची, म्हणजे मुळात पाठवायचे २५ कोटींच्या आसपास, आणि त्यातूनही शेतकऱ्यांची सबसिडी, मागास भागांचा निधी असं बरंच परत यायचं, निव्वळ राहायचे सोळा-सतरा कोटी. सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं जाहीर सांगितलं. पण बस फिरतच राहिली. आणि खरं सांगायचं तर तिचं काम झालं होतं, कारण लोक आठवडाभर ३५ की १७ यावर भांडले आणि त्या भांडणात 'पैसे जातात' एवढं मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

राहा म्हणणारे काही धुतल्या तांदळाचे नव्हते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या खात्याने सांगितलं की बाहेर पडलो तर २०३० पर्यंत दर घरामागे वर्षाला ४३०० पाऊंडचा फटका बसेल, आणि नुसतं 'निघा' मत आलं तरी लगेच मंदी येईल, लाखो नोकऱ्या जातील. ती लगेचची मंदी आलीच नाही. पाऊंड मात्र त्या एका रात्रीत दीड डॉलरवरून १.३३ पर्यंत गडगडला, १९८५ नंतरचा नीचांक. पण मंदी नाही. त्यामुळे पुढे जे खरे, हळूहळू होणारे नुकसानीचे इशारे होते त्यावरही लोकांचा विश्वास उडाला. आणि पूर्ण प्रचारात ईयूबद्दल दोन प्रेमाचे शब्द कोणी बोललं नाही, नुसती भीती. भीती दाखवून माणूस घरात किती दिवस थांबतो?

तिसरा मुद्दा बाहेरून येणाऱ्या लोकांचा, आणि मतं खरी इथे फिरली असं मला वाटतं. १ मे २००४ ला पोलंड, लिथुआनिया, हंगेरी वगैरे दहा देश ईयूत आले. जर्मनी-फ्रान्सने त्यांच्या कामगारांसाठी काही वर्षं दार लोटून ठेवलं, पण ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्या दिवसापासून उघडलं. सरकारसाठी केलेल्या एका अभ्यासात अंदाज होता की वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील, आले लाखांनी. लिंकनशायरमधलं बॉस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचं छोटं शहर, तिथे कोबी-फ्लॉवर काढायला पूर्व युरोपातून एवढी माणसं आली की काही वर्षांत गावाचा चेहराच बदलला. शाळा तेवढ्याच, दवाखाने तेवढेच, घरभाडी वर. बॉस्टनने ७५.६ टक्के मतं 'निघा'ला दिली, देशात सगळ्यात जास्त. उलट लंडनच्या लॅम्बेथमध्ये ७८.६ टक्के 'राहा', जिथे परदेशी माणसं रोज रस्त्यात भेटतात. म्हणजे प्रश्न नुसता किती लोक आले याचा नव्हता, किती पटकन आले आणि सोबत सोयी आल्या का, याचा होता.

आपल्याकडच्या लोकांनाही यात एक गाजर दाखवलं होतं. तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री प्रीती पटेल आणि मंडळींनी करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं की युरोपची माणसं बिनाव्हिसा येतात आणि तुम्हाला बांगलादेशातल्या सिल्हेटहून एक आचारी आणायचा तर नाकी नऊ येतात, बाहेर पडूया मग तुमचे आचारी येतील. बऱ्याच दक्षिण आशियाई लोकांना हे पटलं, साधारण तिघांतल्या एकाने 'निघा'ला मत दिलं. आचारी काही तसे आले नाहीत, पगाराची अटच एवढी वर नेली की छोट्या हॉटेलवाल्याला परवडेना.

निकाल लागला ५१.९ विरुद्ध ४८.१. पंतप्रधान डेव्हिड कॅमरून, ज्यांनी स्वतःच्या पक्षातली भांडणं मिटवायला हे जनमत घेतलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर केला. स्कॉटलंड ६२ टक्के राहा, उत्तर आयर्लंड जवळपास ५६ टक्के राहा, इंग्लंड आणि वेल्स निघा. सुंदरलँड तर ऐका, तिथे निसानचा मोठा कारखाना, गाड्या बनवून युरोपात पाठवतात, आणि त्या शहराने ६१ टक्के निघा दिलं.

आणि मग तो तिसरा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. कुठे जायचं?

कॅमरून यांच्या जागी थेरेसा मे आल्या, म्हणाल्या ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट. याचा अर्थ काय ते कोणालाच कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नाही. २९ मार्च २०१७ ला त्यांनी ईयूला अधिकृत नोटीस दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं, कुठे जायचं हे ठरायच्या आधीच. वाटणीत कसं, वेगळी चूल मांडणं सोपं असतं, पण विहीर सामाईक निघते आणि तिथे सगळं अडतं. ब्रिटनची सामाईक विहीर निघाली उत्तर आयर्लंड.

आयर्लंडच्या बेटावर दोन भाग आहेत, दक्षिणेचा स्वतंत्र आयर्लंड जो ईयूत राहणार, आणि उत्तर आयर्लंड जो ब्रिटनचा भाग, म्हणजे बाहेर पडणार. मधे साधारण ५०० किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेच्या वर रस्ते, काही ठिकाणी तर शेतातून जाणारे. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं, आणि थांबल्यावर त्या सीमेवरचे लष्करी नाके, टेहळणीचे मनोरे निघून गेले. दोन्ही बाजू ईयूत असल्यामुळे कस्टम्सचा नाकाही नव्हता. आता एक बाजू बाहेर पडली तर नाका कुठेतरी येणारच ना? जमिनीवर लावला तर शांतता धोक्यात. समुद्रात, म्हणजे इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या मधे लावला तर स्वतःच्याच देशाच्या दोन तुकड्यांत नाका, जे तिथल्या ब्रिटननिष्ठांना सहन होणार नाही. आणि नाका नकोच असेल तर अख्ख्या ब्रिटनने कस्टम्स युनियनमध्ये राहायचं, मग बाहेर पडून काय मिळवलं? तीनच रस्ते, तिन्ही बंद.

मे यांनी तिसऱ्यासारखा काहीतरी तोडगा आणला, आणि १५ जानेवारी २०१९ ला संसदेत तो २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. २३० मतांचा फरक, सरकारचा असा पराभव आधुनिक काळात झाला नव्हता. परत आणला, परत पडला, तिसऱ्यांदा पडला. कारण 'निघा'वाल्या खासदारांतच कोणाला नॉर्वेसारखं हवं होतं, कोणाला नुसता व्यापार करार, कोणाला काहीच करार नको. बोरिस जॉन्सन आले, त्यांनी समुद्रातला नाका मान्य केला, डिसेंबर २०१९ ची निवडणूक ८० च्या बहुमताने जिंकली आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. समुद्रात नाका येणार नाही असं जॉन्सन त्यानंतरही छातीठोकपणे सांगत होते, आणि वर्षभरात इंग्लंडचे सॉसेज बेलफास्टला जाऊ द्यायचे की नाही यावर दोन बाजूंत जुंपली. २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी तो नाका थोडा सैल करून घेतला, पण नाका आहे.

बाकी व्यापाराचं काय ठरलं, तर माझ्या वरच्या हिशोबातली पहिली पायरी. ड्युटी नाही, पण नाका आला, कागद आले. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसं ठेवली, पण एखादा छोटा चीजवाला जो फ्रान्समधल्या गिऱ्हाईकाला महिन्याला दहा पार्सल पाठवायचा, त्याला प्रत्येक पार्सलमागे पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट परवडेना, त्याने युरोप सोडूनच दिला. हे नुकसान बातमीत दिसत नाही, कारण जो धंदा झालाच नाही त्याचा फोटो कसा काढणार. सरकारी अंदाज बांधणाऱ्या ओबीआर या स्वतंत्र संस्थेचा हिशोब आहे की ईयूत राहिलं असतं त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. सगळं खापर ब्रेक्झिटवर फोडू नये हेही खरं. स्विंडनचा होंडाचा कारखाना २०२१ ला बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या, पण कंपनीने स्वतः सांगितलं की कारण इलेक्ट्रिक गाड्यांचं आहे.

मिळालं काय? स्वतःचे करार करायची मोकळीक मिळाली, आणि त्यातला सगळ्यात मोठा आपल्याशीच झाला, २४ जुलै २०२५ ला. स्कॉच व्हिस्कीवरची आपली १५० टक्के ड्युटी आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार. पण ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने यातून त्यांच्या अर्थव्यवस्थेत भर पडणार ०.१३ टक्के. चार टक्क्यांचा खड्डा आणि पाव टक्क्याच्याही निम्मी माती.

आणि बाहेरून येणारे लोक? युरोपातून येणारे कमी झाले, त्यांच्या जागी भारत, नायजेरियातून विद्यार्थी, नर्स, वृद्धांची सेवा करणारे आले. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ आकडा ९ लाखांच्या वर गेला, जनमताच्या वेळी होता त्याच्या दुपटीहूनही बराच जास्त. बॉस्टनच्या मतदाराने हे मागितलं होतं का? ताबा परत मिळाला हे खरंय, सरकारने तो असा वापरला. आता आकडा परत खाली आणलाय, आणि तो आणताना कात्री आपल्या पोरांच्या व्हिसावर चालली.

स्विंडनच्या गोंयकारांना ३० जून २०२१ च्या आत अर्ज करावा लागला, ज्यांनी केला ते राहिले. नवीन पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंड गाठायचा रस्ता मात्र बंद झाला, आता तो पासपोर्ट घेऊन मडगावचा पोरगा आयर्लंडला नाहीतर जर्मनीला जायचं बघतो.

आता द्राक्षांकडे येऊ. ब्रेक्झिटनंतर कीटकनाशकांच्या अंशाची ब्रिटनची यादी वेगळी, ईयूची वेगळी. सुरुवातीला दोन्ही सारख्याच होत्या, पण जसजशी वर्षं जातात तशा त्या लांब जातात, म्हणजे रॉटरडॅमला जाणाऱ्या आणि लंडनला जाणाऱ्या कंटेनरसाठी नाशिकच्या निर्यातदाराला दोन याद्या बघायला लागतात. मे २०२५ मध्ये किअर स्टार्मर यांच्या सरकारने ईयूबरोबर तत्त्वतः ठरवलं की खाण्यापिण्याच्या मालाचे नियम परत एक करायचे, कीटकनाशकांसकट, म्हणजे सॉसेज आणि चीज कागदांशिवाय जातील. हे पूर्ण झालं तर आपल्या निर्यातदाराचीही यादी परत एकच होईल. ती यादी ब्रुसेल्सला बनेल, बनवताना लंडनचं म्हणणं ऐकून घेतील, पण मत लंडनला नसेल, जसं ते निफाडला कधीच नव्हतं.